शिंपणारा हात

इस्त्रीवालीच्या उजव्या हाताला एक खोड होती. वाटीत बोटं बुडवायची आणि झटकायची. समोर सदरा असो, चादर असो, नाहीतर नुसतं रिकामं टेबल असो. बोलता बोलता तिची बोटं पाण्याच्या पेल्यात जायची आणि समोरच्याच्या तोंडावर थेंब उडायचे. नवरा म्हणायचा, "अगं, मी माणूस आहे, पँट नाही." नवरा मालट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातला बराचसा काळ रस्त्यावरच. त्यामुळे तो फारसा भिजायचा नाही.

घराचा पुढचा दरवाजा गल्लीत उघडायचा. पहिल्याच खोलीत तिचं टेबल, टेबलावर दुहेरी ब्लँकेट, त्यावर तपकिरी डाग पडलेली चादर, आणि दोन्ही बाजूंना गठ्ठे. डावीकडं चुरगळलेली दुनिया, उजवीकडं सरळ झालेली. मागचा दरवाजा उघडायचा परसात. परस म्हणजे काय, तर घर बांधताना जे जे उरलं ते टाकायची जागा. विटांचे तुकडे, चुन्याचे गोळे, आणि त्यावर मुरमाड माती. ती उन्हानं भाजून इतकी टणक झाली होती की मांजरसुद्धा उकरायला तिथं जात नसे.

घर नणंदेच्या नावावर. थोरली नणंद बसमध्ये कंडक्टर होती. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून नोकरीवर होता. वरच्या मजल्यावरून खाली उतरताना ती जिन्यालाच "चला, पुढं सरका" म्हणायची. गल्ली तिला कंडक्टरबाईच म्हणे. तळमजल्यावरच, बाजूच्या खोलीत, धाकटा दीर. तो वेल्डर. दुसऱ्याच्या शेडमध्ये ठिणग्या खाऊन कंटाळला होता आणि आता त्याला स्वतःची शेड हवी होती. परसाकडं बघून तो म्हणायचा, "वर पत्रा, खाली चार खांब, झालं दुकान." लोखंडी अँगल तर त्यानं आधीच आणून भिंतीला टेकवून ठेवले होते.

एका दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना त्यानं हा विषय काढला. कंडक्टरबाई हो म्हणणार होती. तोंडात घास होता म्हणून राहिली, तेवढ्यात इस्त्रीवाली म्हणाली, "परस द्यायचं नाही."

सगळ्यांचे हात थांबले. या बाईनं घरात कधी काही मागितलं नव्हतं.

"का?" वेल्डर म्हणाला. "तिथं काय करणार आहात तुम्ही, वहिनी?"

"भाजी लावणार."

"तिथं? तिथं खिळा ठोकला तर खिळा वाकतो."

"खिळा नाही लावणार. भाजी लावणार."

खरं कारण तिला जेवताना सांगता आलं नाही, आणि नंतरही कधी तिनं ते धड सांगितलं नाही. पण ते असं होतं. सकाळी आरशासारखा करून दिलेला सदरा संध्याकाळी चुरगळून परत यायचा. वर्षानुवर्षं तेच. गवंड्याची भिंत राहते, सुताराचं दार राहतं, वेल्डरचं फाटक तर गंजलं तरी राहतं. तिनं केलेलं मात्र माणूस एकदा खुर्चीत बसला की गेलं. आता तिला असं काहीतरी करायचं होतं जे रात्रीतून मोडत नाही, उलट वाढतं. आणि ते तिला त्याच परसात करायचं होतं, दुसरीकडं जागा होती कुठं?

कंडक्टरबाईनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग निकाल दिला, "उन्हाळा लागायच्या आत त्या जमिनीतनं माझं मोठं पातेलं भरून भाजी काढून दाखव. काढलीस तर जागा तुझी. नाही निघाली तर याचा पत्रा. मग कुणी तोंड वाकडं करायचं नाही."

"उन्हाळा लागला हे कोण ठरवणार?" वेल्डरनं विचारलं.

"मी. माझ्या खोलीत पंखा लागला की उन्हाळा."

ट्रकवाल्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा, मी घाटात आहे." घरात काहीही ठरवायची वेळ आली की तो हमखास घाटातच असायचा.

इस्त्रीवालीनं विचार केला तो असा. मागच्या वर्षी तिनं भिंतीकडेला टोमॅटोची चार रोपं लावली होती. उन्हानं त्यांची पानं पापडासारखी वाळून गेली. म्हणजे जे वर येतं ते ऊन खातं. मग जे वर येतच नाही ते लावू. गाजर, बीट, मुळा. खाली अंधारात, मातीच्या पांघरुणात. ऊन काय खाली उतरून येणार आहे?

थंडी सुरू होताना तिनं वीतभर माती उकरली, कोपऱ्यावरच्या गोठ्यातून ताजं शेण आणून मिसळलं, बी टाकलं, आणि मग हात मोकळा सोडला. सकाळी बादलीत बोटं बुडवून झटकायची, संध्याकाळी झटकायची, मधे इस्त्री तापेपर्यंत एकदा झटकायची. हात इतका खूश कधी झाला नव्हता. पालाही असा वर आला की बघत राहावं. हिरवागार, दाट, कुरळा. गिऱ्हाईक कपडे घ्यायला आलं की ती आधी त्याला मागच्या दारात नेऊन पाला दाखवायची, मग कपडे द्यायची. कंडक्टरबाई वरच्या खिडकीतून वाकून वाकून बघू लागली. वेल्डरनं अँगल ताडपत्रीखाली झाकले.

मग तिनं पहिलं गाजर उपटलं. नुसता हात लावला तर ते वर आलं. इतक्या सहज आलं, तिथंच तिनं समजायला हवं होतं.

करंगळीएवढं गाजर, खाली दोन फाटे, आणि सगळ्या अंगावर पांढरी केसं. दुसरं उपटलं, तेही तसंच. मुळे तर नुसत्या दोऱ्या. बिटाच्या जागी गोटी.

वेल्डरनं एक गाजर उचलून उजेडात धरलं. "वहिनी, हे गाजर आहे का चड्डी? दोन पाय आहेत याला. इस्त्रीला घ्या."

कंडक्टरबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं, उलटसुलट केलं. "मागं तिसरा पाय पण आहे. याला दीड तिकीट पडेल."

इस्त्रीवाली हसली नाही. तिनं तो सगळा ढीग शेजारच्या शेळीपुढं टाकला. शेळीनं पाला खाल्ला आणि गाजरं ठेवली.

दोघं आत गेल्यावर ती वाफ्यात उकिडवी बसली आणि बोटांनी माती उकरायला लागली. नुकतंच शिंपलेलं होतं. वरची माती ओली, काळी, हाताला गार. दोन बोटं खाली गेली आणि कोरडी भुकटी लागली. फुंकर मारली तर उडाली. आणखी खाली तर विटांचे खडे. तिनं ओली माती एका हातात घेतली, कोरडी दुसऱ्या हातात.

तिला स्वतःचाच राग आला. कारण कपड्याच्या बाबतीत ही गोष्ट तिला झोपेतही माहीत होती. खळ घातलेल्या सुती कपड्यावर नुसतं शिंपून लगेच इस्त्री फिरवली, तर चर्र होऊन पाणी उडून जातं आणि चुण्या तिथल्या तिथं. नवशिके तसंच करतात. कपडा नीट भिजवायचा, गच्च गुंडाळी करायची, ओल्या फडक्यात बांधून बाजूला ठेवून द्यायची, आणि मग त्याच्याकडं बघायचंही नाही. ओल आपोआप आतल्या घडीपर्यंत जाते. मातीला मात्र तिनं नुसतं वरवर गोंजारलं होतं. मुळांना उंबऱ्यातच जेवायला मिळत होतं, ती कशाला खाली उतरतील?

"वन्सं," तिनं जिन्याखालून हाक मारली. "पंखा लागला का?"

"अजून शाल आहे अंगावर."

"मग मी परत लावते."

वेल्डर बाहेर आला. "अहो, झाला की निकाल!"

"मुदत मी दिली आहे," वरून आवाज आला. "स्टॉप यायच्या आत कुणाला उतरवायचं नसतं. तू गप्प बस."

या वेळी तिनं कुदळ घेतली. दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं, तेव्हा खणायचं. पहिले काही दिवस जमीन वाजायची, तुटायची नाही. तळहाताला इस्त्रीच्या मुठीनं पडलेले घट्टे होते, त्यांच्या शेजारी नवे फोड आले. गुडघाभर खड्डा झाल्यावर तिनं सगळी माती वाळूच्या चाळणीतून चाळली. विटांचे, चुन्याचे तुकडे कडेला रचले, त्यांचा कमरेएवढा ढीग झाला. बियाणेवाल्याला जाऊन दोन पायांच्या गाजरांचं विचारलं. तो म्हणाला, "ताजं शेण घातलंत ना? त्यानं मुळं फुटतात. कुजलेलं घालायचं, वास गेलेलं."

"मग बी देताना सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

जुनं, भुसभुशीत झालेलं खत आणून तिनं चाळलेल्या मातीत मिसळलं आणि खड्डा भरला. मग बी न टाकताच पाणी सोडलं. बादलीवर बादली. पाणी वर उभं राहीपर्यंत, जिरल्यावर पुन्हा, पुन्हा उभं राहीपर्यंत. कंडक्टरबाई खिडकीतून ओरडली, "अगं, विहीर करतेस का बाग?" नळाला दिवसाआड पाणी यायचं, त्यामुळे हे काम चांगलंच लांबलं. शेवटी हात कोपरापर्यंत आत घातला तर बोटांना तळाशीही गारवा लागला. तेव्हा तिनं बारीक वाळूत बी कालवून पेरलं.

गाजराचं बी फार आळशी. उगवायला वेळ घेतं, आणि तोवर वरची माती एकदा जरी वाळली तरी संपतं. शिंपत बसायचं नव्हतं. तेव्हा तिनं कपाट उघडलं. न्यायला कुणीच न आलेल्या चादरी तिच्याकडं पडून होत्या. गावं सोडून गेलेल्या, पत्ते बदललेल्या, विसराळू माणसांच्या. त्या भिजवून, पिळून तिनं वाफ्यांवर अंथरल्या आणि कडांवर विटा ठेवल्या.

"कुणाची अंथरुणं घातलीस गं?" खिडकीतून प्रश्न आला. "कोण झोपलंय?"

"गाजरं."

"उठली की हाक मार."

रोज सकाळी ती एक कोपरा उचलून बघायची. हिरवे दोरे दिसायला लागले त्या दिवशी संध्याकाळी, ऊन गेल्यावर, तिनं चादरी काढल्या आणि वर हाक मारली. कंडक्टरबाई चप्पल न घालता खाली आली. वाकून बघितलं, आणि जाताना वेल्डरच्या दारावर उगाच एक थाप मारून गेली.

आता खरी अवघड गोष्ट राहिली होती. काही न करणं.

दोन वाफ्यांच्या मधल्या चरातून, लांबलांबच्या अंतरानं, एकदाच पोटभर पाणी द्यायचं आणि मग दार लावून घ्यायचं, असं तिनं ठरवलं. रोपांची गर्दी विरळ केली. पण हात ऐकेना. तो आपोआप बादलीकडं जायचा. थंडी सरली, दुपारी ऊन चटका देऊ लागलं, तसा पाला दुपारी मातीवर आडवा पडायचा. बघवत नसे. एका दुपारी ती तांब्या घेऊन मागच्या पायरीवर उभी राहिली.

"घाला हो वहिनी," वेल्डर म्हणाला. तो खरोखरच कळवळून म्हणाला, कारण मरतं झाड बघणं त्यालाही जमत नव्हतं. "जीव जातोय त्यांचा."

तिनं खाली वाकून चराच्या कडेला बोट खुपसलं. खाली ओल होती. ती तांब्या घेऊन आत आली आणि ते सगळं पाणी टेबलावरच्या सदऱ्यावर शिंपडलं. इतकं की संध्याकाळी गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मी इस्त्रीला दिला होता, धुवायला नाही."

ऊन उतरलं तेव्हा पाला आपला आपण उभा होता. तिनं वेल्डरला मुद्दाम हाक मारून दाखवला. त्यानं डोकं खाजवलं. "नाटकी आहेत," म्हणाला.

बीट गोटीचं लिंबाएवढं व्हायला लागलं आणि त्याच सुमारास मोठी पाइपलाइन फुटली. नळ कोरडे पडले. पाणी कधी येणार, कुणी सांगेना. घरात प्यायचं पाणी वेगळं साठवलेलं होतं, त्याला तिनं हात लावायचा नाही हे न सांगता ठरलेलं. परसातला पिंप मात्र तिचा. एकच पिंप, काठोकाठ.

संध्याकाळी तिघं पिंपाभोवती उभे राहिले.

"रोज एकेक तांब्या सगळीकडं फिरव," कंडक्टरबाई म्हणाली. "पुरवून पुरवून वापर."

"हेच म्हणतो मी," वेल्डर म्हणाला. "तेवढंच ओठ ओले."

"ओठ ओले करूनच मागच्या वेळी वाटोळं झालं." असं म्हणून इस्त्रीवाली वाफ्यात उतरली आणि तिनं मुळे उपटायला सुरुवात केली. एका बाजूनं सगळे. कोवळे, अंगठ्याएवढे, अजून भरायचे होते ते. मग बिटांतली अशक्त होती ती. कंडक्टरबाई हां हां म्हणेपर्यंत वाफ्याचा एक भाग भुंडा झाला.

"अगं, पातेलं भरायचंय ना तुला?"

"या सगळ्यांना एवढ्यात पुरणार नाही. उरलेल्यांना पुरेल."

मग तिनं पिंप कलता केला. कुणाला विचारलं नाही. बारीक धार धरून पाणी चरात सोडलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, थांबून, जिरू देऊन, पुन्हा. पिंप अर्धा झाला तेव्हा कंडक्टरबाई म्हणाली, "बस की आता." पाव राहिला तेव्हा म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं?" इस्त्रीवालीची धार तुटली नाही. शेवटचं पाणी गाळासकट गेलं. तिनं पिंप पालथा घातला, म्हणजे आत अजून थोडं असेल असं स्वतःलाही वाटायला नको. चादरी फाडून त्यांच्या पट्ट्या केल्या आणि ओळींच्या मधे उघड्या मातीवर दाबून बसवल्या. वरून वाळका पाला टाकला.

त्यानंतर तिनं मागचं दार लावून घेतलं. दिवसचे दिवस गरम वारा पत्र्यावर खडे मारल्यासारखा वाजत होता. ती भिंतीकडं तोंड करून इस्त्री फिरवायची. गिऱ्हाइकांनी विचारलं, "बाग कशी आहे?" तर म्हणायची, "आहे तिथंच आहे." वेल्डर मात्र रोज दाराच्या फटीतून बघायचा आणि बातमी द्यायचा. पानांची टोकं करपली. कडेची ओळ पिवळी पडली. मधली अजून उभी आहे. बातमी देताना त्याच्या आवाजात आनंद होता का काळजी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

नळाला पाणी यायच्या आधीच एका सकाळी कंडक्टरबाई पदरानं मान पुसत खाली उतरली. हातात तिचं मोठं पातेलं होतं, घरातलं सगळ्यात मोठं.

"पंखा लागला," ती म्हणाली. "चला. आणि उपटायचं तिनं नाही. ती बरोबर चांगलं बघून उपटेल. तू उपट."

वेल्डर वाफ्याच्या मधोमध गेला. एक झुपका मुठीत धरला आणि ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. कट् आवाज झाला आणि नुसता पाला त्याच्या हातात आला.

"घ्या," तो म्हणाला. "खाली काही नाही."

कंडक्टरबाईनं पातेलं खाली ठेवलं. इस्त्रीवाली पायरीवरूनच म्हणाली, "खाली आहे म्हणून तर आलं नाही. उकरा, भावजी."

तो गुडघ्यांवर बसला. वरची पट्टी बाजूला केली, माती बाजूला केली. केशरी डोकं दिसलं, चांगलं रुपयापेक्षा रुंद. त्यानं कडेनं बोटं खुपसली. मनगट आत गेलं, गाजर संपेना. खालची माती गार लागली तसा तो थबकला, मग जोरात उकरायला लागला. तोंडात आलेला विनोद बहुधा मातीबरोबर गिळून टाकला. गाजर वर आलं तेव्हा त्याचं शेपूट मोडून खालीच राहिलं होतं, तरी ते त्याच्या कोपरापर्यंत पोचलं. सरळसोट. एक पाय.

"हळू काढा," इस्त्रीवाली म्हणाली. "मोडलेलं मी धरणार नाही."

बिटं निघाली ती मुठीएवढी. काही तडकलेली, एकाला आतून किडीनं पोखरलेलं, कडेच्या पिवळ्या ओळीत तर काहीच धड नाही. पण मधल्या ओळीच पुरल्या. पातेलं काठापर्यंत आलं, मग वर शीग झाली, आणि अर्धा वाफा अजून तसाच होता. कंडक्टरबाईनं एक गाजर पदराला पुसलं, करकर चावून खाल्लं, सगळं संपवलं, आणि मग म्हणाली, "जागा हिची."

वेल्डर हात झाडत उभा राहिला. चेहरा उतरला होता. "आणि मी काय करायचं? म्हातारा होईपर्यंत दुसऱ्याच्या शेडमध्ये मरायचं?"

"समोरच्या गल्लीत टायरवाल्याचं जुनं गॅरेज बंद पडलंय," इस्त्रीवाली म्हणाली. "त्याचे कपडे माझ्याकडं असतात. मी विचारून ठेवलंय. पत्रा आहे वर, वीज आहे. जाऊन बघून या."

"कधी विचारलंत?"

"खणायला लागले तेव्हाच."

"म्हणजे मीच हरणार हे धरून बसला होतात?"

"नाही. मी हरले असते तर विचारलेलं वाया गेलं असतं, एवढंच."

त्यानं तिच्याकडं बघितलं, मग बहिणीकडं. बहीण दुसरं गाजर पुसत होती. "काय बघतोस? पुढं सरक," ती म्हणाली. तो पातेल्यातली दोन गाजरं खिशात कोंबून गॅरेज बघायला गेला.

इस्त्रीवालीनं उरलेली गाजरं जमिनीतच राहू दिली. लागतील तशी काढता येतील, तिथं ती गार राहतात. टायरवाल्याचा कोट दुपारी द्यायचा होता, म्हणून तिनं आत जाऊन इस्त्रीचं बटण दाबलं. तापायला वेळ होता. तेवढ्यात ती परसात परत आली, विटांच्या ढिगाला वळसा घालून पलीकडं गेली, जिथं कुदळ अजून पोचली नव्हती. तिथं तिनं टाच रोवून बघितली. टाच जराही आत गेली नाही.

तिनं कुदळ आणली.